सहलीसाठी तीन गिअर पुरे

पुढच्या सत्रापासून आपल्या शाळेत शनिवार-रविवारची सायकल सहल सुरू होणार आहे, ही बातमी आता सगळ्या हाऊसमध्ये पोहोचली आहे. नोटीस बोर्डावर नावनोंदणीचा कागद लागला तेव्हा पहिल्याच संध्याकाळी तिथे मेसच्या दारासारखी गर्दी झाली. त्या कागदाच्या तळाशी एक ओळ आहे : 'कॅडेटने शक्यतो स्वतःची गिअरची सायकल आणावी.' माझे म्हणणे फक्त या ओळीबद्दल आहे. सहल हवीच. पण ही ओळ काढावी आणि तिच्या जागी असे लिहावे की सहलीला कोणतीही साधी, धडधाकट सायकल चालेल. गिअर असलेच तर तीनपेक्षा जास्त नसावेत. आणि सायकली सर्वांनी आळीपाळीने चालवायच्या आहेत.

या ओळीचा एक परिणाम आधीच दिसला आहे. माझ्या वर्गातल्या एका कॅडेटने यादीत आपले नाव लिहिले आणि रात्रीच्या जेवणानंतर जाऊन ते खोडले. क्रॉस कंट्रीमध्ये तो दरवर्षी पहिल्या पाचात असतो. मी विचारले तर म्हणाला, "मला सायकलिंग आवडत नाही रे." हाच मुलगा सुट्टीत घरी गेला की रोज पहाटे सायकलला दुधाचे दोन कॅन अडकवून डेअरीपर्यंत जातो. त्याला सायकल आवडत नाही यावर माझा विश्वास नाही. गिअरची बरी सायकल घ्यायची म्हणजे दहा-पंधरा हजार रुपयांपासून सुरुवात होते आणि वर मर्यादा नाही. घरी पत्र लिहून एवढे पैसे मागण्यापेक्षा 'आवडत नाही' म्हणणे त्याला सोपे वाटले असावे.

पालकांनी आणि सरांनी हे वाचताना एक गोष्ट लक्षात घ्यावी. शाळेत आल्यापासून आम्हाला सर्व काही सारखे मिळाले आहे. बूट स्टोअरमधून, ब्लँकेट स्टोअरमधून, केस कापणाराही एकच. कोणाचे वडील ब्रिगेडिअर आणि कोणाचे हमाल, हे फॉल-इनमध्ये उभ्या असलेल्या रांगेकडे पाहून ओळखता येत नाही. सायकल सहलीत मात्र ते शंभर मीटरवरून ओळखता येईल.

आता तीन गिअर हा आकडा कुठून आला ते सांगतो. माझ्या बाबांची बदली सध्या दिल्ली कॅन्टला आहे. हिवाळी सुट्टीत त्यांच्या जुन्या साहेबांनी, म्हणजे आता निवृत्त झालेल्या कर्नल सरांनी, मला त्यांच्या गटाबरोबर दोन दिवसांच्या सहलीला नेले. गटात चौदा जण होते. सर्वांत मोठे आजोबा 76 वर्षांचे, सर्वांत लहान मी. दोन निवृत्त फौजी, एक बँकेतले, एक शाळेतल्या बाई, करोल बागेतले एक दुकानदार, दोन कॉलेजची मुले आणि असेच आणखी काही. सगळ्यांच्या सायकली जुन्या इंग्रजी बनावटीच्या, काळ्या किंवा गडद हिरव्या : रॅले, हंबर, बीएसए, फिलिप्स. गटाचा नियम एकच, तीन गिअरपेक्षा जास्त गिअरची सायकल आणायची नाही. मला कर्नल सरांची जास्तीची रॅले मिळाली. तिच्या मागच्या हबवर 58 हा आकडा कोरलेला होता. म्हणजे तो हब 1958 सालचा, माझ्या बाबांहूनही मोठा.

ही यंत्रणा ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. आजच्या गिअरच्या सायकलीत मागे दातेरी चक्रांची उतरंड असते आणि चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर उडी मारते. जुन्या तीन गिअरच्या सायकलीत बाहेरून काहीच दिसत नाही. सगळे गिअर मागच्या चाकाच्या हबमध्ये बंद असतात. मध्ये एक लहान दातेरी चक्र एक्सलवर पक्के असते, त्याच्याभोवती लहान चक्रे फिरतात आणि त्या सर्वांना बाहेरून एक दातेरी कडे वेढून असते. सूर्य, त्याच्याभोवती ग्रह, अशी ही रचना असल्यामुळे तिला ग्रहमालेचेच नाव आहे. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम शहरात 1902 मध्ये स्टर्मी-आर्चर या नावाने असे हब बनू लागले. त्यातला सर्वांत प्रसिद्ध हब 1930 च्या दशकातला आहे. त्याचे गणित आठवीतल्या मुलालाही समजेल. दुसरा गिअर म्हणजे सरळ, चेनचे चक्र एकदा फिरले की चाक एकदा फिरते. पहिल्या गिअरमध्ये चाक पाऊण वेळा फिरते, तिसऱ्यात एक पूर्णांक एक तृतीयांश वेळा. पुढचे चक्र 44 दात्यांचे, मागचे 18 दात्यांचे आणि चाक 28 इंची असेल, तर पायडलच्या एका फेरीत सायकल दुसऱ्या गिअरमध्ये सुमारे साडेपाच मीटर जाते, पहिल्यात चार मीटरच्या थोडी पुढे, तिसऱ्यात सव्वासात मीटर. चढाला पहिला, सपाटीला दुसरा, उताराला किंवा पाठीवर वारा असेल तेव्हा तिसरा. विचार करण्यासारखे काही उरतच नाही, त्यामुळे डोके रस्त्याकडे आणि बरोबरच्या माणसांकडे मोकळे राहते.

सहलीचा मार्ग ठरवला होता मराठ्यांच्या दिल्लीतल्या खुणांवरून. शनिवारी धुके विरल्यावर आम्ही कॅन्टमधून निघालो. पहिला थांबा तालकटोरा. आज तिथे बाग आणि स्टेडियम आहे. मार्च 1737 मध्ये बाजीराव पेशव्यांची फौज इथपर्यंत येऊन थडकली होती. तिथून इंडिया गेट, काश्मिरी गेट, मग रिजचा चढ चढून 1857 च्या स्मारकापाशी, म्हणजे अजितगडला. संध्याकाळी बुराडी. 10 जानेवारी 1760 रोजी याच बाजूला यमुनेच्या काठी दत्ताजी शिंदे पडले. त्यांचे शेवटचे शब्द इथे लिहायची गरज नाही, ते आपल्या सर्वांना पाठ आहेत. आज बुराडीत दाट वस्ती आहे, रिक्षांची गर्दी आहे आणि नदी सहज दिसतही नाही. गल्लीत थांबून कर्नल सरांनी सगळ्यांना हिंदीत ती लढाई सांगितली, तेव्हा चहाच्या टपरीवरचे चारपाच जणही ऐकायला उभे राहिले. मोटारीने आलो असतो तर आम्ही त्या गल्लीत शिरलोही नसतो.

रविवारी वझिराबादजवळ यमुना ओलांडून पटपडगंजच्या बाजूने नोएडाला गेलो. 11 सप्टेंबर 1803 रोजी इथे शिंद्यांची फौज आणि जनरल लेकची इंग्रज फौज यांची लढाई झाली आणि दिल्ली इंग्रजांच्या हाती गेली. त्या लढाईचा स्तंभ आज नोएडाच्या गोल्फ कोर्समध्ये आहे. आधी परवानगी काढलेली असल्यामुळे आत जाता आले. हिरव्यागार गवतात तो एकटा दगडी खांब, आणि दूरवर लोक निवांतपणे गोल्फ खेळत होते. तिथून परत कॅन्ट. पहिल्या दिवशी तीसेक किलोमीटर, दुसऱ्या दिवशी पन्नासच्या आसपास. एवढे अंतर आपल्यापैकी कोणीही करू शकेल.

या दोन दिवसांत मी तीन गोष्टी पाहिल्या. त्या मला आपल्या सहलीत हव्या आहेत.

पहिली गोष्ट, गट फुटत नाही. पूर्ण सपाटीवर आमचा वेग ताशी पंधरा किलोमीटरच्या आसपास होता. जोर लावून कोणी अठरा-वीसने जाईल, पण त्यापुढे सायकलच जात नाही. ती जड आहे, सीट रुंद आहे, हँडल उंच आहे, वारा छातीवर येतो. त्यामुळे कॉलेजची मुले आणि 76 वर्षांचे आजोबा यांच्यात फार अंतर पडलेच नाही. गटात आणखी एक पद्धत होती : जो दमेल त्याने मागे न पडता सर्वांत पुढे यायचे. वेग तो ठरवणार. रिजच्या चढावर आजोबा पहिल्या गिअरमध्ये पुढे आणि आम्ही बाकीचे तेरा त्यांच्या मागे, असा आमचा ताफा माणसाच्या चालीपेक्षा थोड्या जास्त वेगाने वर गेला. कोणीही घंटी वाजवली नाही. आपण रूट मार्चमध्ये नेमके हेच शिकतो, सेक्शन पोहोचला म्हणजे शेवटचा माणूस पोहोचला. एकाकडे एकवीस गिअरची हलकी सायकल आणि दुसऱ्याकडे वडिलांची जुनी सायकल असेल, तर पहिला दहा मिनिटे आधी पोहोचून झाडाखाली पाणी पीत बसेल आणि दुसरा धापा टाकत येईपर्यंत निघायची वेळ झालेली असेल. ज्याला विश्रांतीची गरज जास्त, त्यालाच ती मिळणार नाही.

दुसरी गोष्ट, दुरुस्ती. प्रत्येक थांब्यावर कोणी ना कोणी सायकल उलटी करून काहीतरी करत होते. तीन गिअरच्या हबची एक खोड आहे. गिअरची तार ढिली झाली की दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरच्या मध्ये सायकल कशातच राहत नाही आणि पायडल एकदम मोकळे फिरते. उभे राहून जोर लावणाऱ्याला ते महागात पडते. म्हणून निघण्यापूर्वी दुसरा गिअर टाकायचा, एक्सलच्या टोकातून येणारी बारीक साखळी पाहायची आणि तिच्या दांडीचा खांदा एक्सलच्या टोकाशी बरोबर येईपर्यंत तार घट्ट किंवा सैल करायची. हबवर एक चिमुकले झाकण असते, त्यातून चार थेंब तेल सोडायचे. पाच मिनिटांचे काम. शाळेतल्या बाईंनी मला ते एकदा दाखवले आणि दुसऱ्यांदा माझ्याकडून करून घेतले. रविवारी सकाळपर्यंत मी इतर तिघांच्या सायकलींच्या तारा जुळवून दिल्या होत्या. आपण रायफल उघडून, पुसून, परत जोडायला शिकतो. ज्या वस्तूवर आपण बसतो तीही तशीच उघडता आली पाहिजे. आजच्या भारी सायकलींना आतून जाणाऱ्या तारा आणि तेल भरलेले ब्रेक असतात. वाटेत काही झाले तर कंपनीच्या दुकानाशिवाय इलाज नसतो. बुराडीत एका हंबरचे चाक आऊट झाले तेव्हा रस्त्याकडेच्या मिस्त्रीने सायकल उलटी टाकली, चाक फिरवले, अंगठा रिमजवळ धरला आणि एकेक तार आवळत पंधरा मिनिटांत चाक सरळ केले. असे हात या भागात अजून आहेत याला कारण आहे. दिल्लीच्या आसपासचा हा मुलूख एकेकाळी सायकलींचाच होता. सोनिपतला 1951 मध्ये ॲटलसचा कारखाना सुरू झाला. याच कंपनीचा साहिबाबादचा कारखाना 3 जून 2020 रोजी बंद पडला, आणि तो दिवस जागतिक सायकल दिन होता. कारखाने गेले तरी कसब अजून फुटपाथवर पंप घेऊन बसलेले आहे. तेही जाण्यापूर्वी आपल्यापैकी काही जणांनी ते शिकून घ्यावे.

तिसरी गोष्ट, अदलाबदल. प्रत्येक मोठ्या थांब्यानंतर सायकली बदलायच्या, असा गटात रिवाज होता. चिठ्ठ्या टाकून नाही, सरळ आपल्या उजवीकडच्या माणसाशी. दोन दिवसांत मी सहा सायकली चालवल्या. त्यातल्या एकीचे सीट दगडासारखे होते आणि एकीचा पहिला गिअर कुरकुरत होता. कुरकुरणाऱ्या सायकलीचे मालक पुढच्या थांब्यावर स्वतःहून विचारायला आले, "बेटा, बहुत तंग किया क्या?" आणि लगेच तेलाची कुपी काढली. आपली सायकल उद्या दुसऱ्याच्या पायाखाली जाणार आहे हे माहीत असले की माणूस ती जास्त नीट ठेवतो. चाळीस हजारांची सायकल असती तर तिच्या मालकाने ती कोणाच्या हातात दिली असती का? आणि दिली असती तरी घेणारा मोकळेपणाने चालवू शकला असता का?

यावर माझ्या हाऊसमधल्या मित्रांनी काही आक्षेप घेतले. ते योग्य आहेत, म्हणून त्यांची उत्तरे देतो.

एक सीनियर म्हणाले, "आपण फौजेत जाणार, म्युझियममध्ये नाही. फौज नव्या यंत्रांवर चालते." मान्य. पण फौजेच्या इतिहासातच साध्या सायकलीचे सर्वांत मोठे उदाहरण आहे. 8 डिसेंबर 1941 रोजी जपानी फौज मलायाच्या किनाऱ्यावर उतरली आणि 31 जानेवारी 1942 पर्यंत त्या द्वीपकल्पाच्या दक्षिण टोकाला पोहोचली. तिच्या पायदळाच्या कितीतरी तुकड्या सायकलींवर होत्या. पूल उडवले तर ते सायकली खांद्यावर घेऊन नदी ओलांडत. टायर फाटले तर नुसत्या रिमवर चालवत, आणि रात्री तो खडखडाट रणगाड्यांसारखा वाटे. मलायात जपानी बनावटीच्या सायकली आधीपासून विकल्या जात असल्यामुळे सुटे भाग गावोगाव मिळत. समोर लढणाऱ्यांमध्ये आपले हजारो भारतीय जवान होते, आणि 15 फेब्रुवारीला सिंगापूर पडल्यावर ते कैदी झाले. हा इतिहास आपल्यासाठी सुखाचा नाही, पण धडा स्पष्ट आहे. सगळ्यांकडे जवळपास एकसारखी, सहज दुरुस्त होणारी आणि जिचे भाग कुठेही मिळतात अशी वस्तू असली, तर ती महागड्या वस्तूपेक्षा लांब नेते.

दुसरा आक्षेप, लांबच्या प्रवासाला जास्त गिअर लागतातच. शर्यतीला लागतात, यात शंका नाही. टूर द फ्रान्सच्या आयोजकांनी चेन बदलणाऱ्या गिअरना कित्येक वर्षे बंदी घातली होती आणि 1937 मध्ये ती उठवावी लागली. शर्यतीत गिअर अडवणे हा हट्ट होता. आपल्या शाळेची सायकल शर्यत झाली तर मीच म्हणेन की ज्याला जी आणायची ती आणू दे. पण सहल ही शर्यत नाही. आणि लांब जाण्याबद्दल म्हणाल तर 15 ऑक्टोबर 1923 रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवर जगप्रवासाला निघाले. त्यांतले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे 18 मार्च 1928 ला परतले तेव्हा सुमारे 71,000 किलोमीटर चालवून आले होते. एकवीस गिअरच्या सायकली त्यांच्याकडे नव्हत्या. आपल्याला ऐंशी किलोमीटर जायचे आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत महत्त्वाचा आहे : जुन्या सायकली सुरक्षित नसतात. हे खरे आहे. दांड्याच्या ब्रेकची रबरे गुळगुळीत झाली तर पावसात लोखंडी रिमवर ते धरत नाहीत. म्हणून पावसाळ्यात सहल नको. निघण्यापूर्वी प्रत्येक सायकलचे ब्रेक, टायर, हँडलचा नट आणि चेन यांची तपासणी व्हावी, आणि तपासणाऱ्याने यादीवर सही करावी. हेल्मेट सक्तीचे असावे. महामार्ग टाळावा. दिल्लीच्या गटात हे सर्व होते. पुढे आणि मागे एकेक जण लाल पट्टा बांधून असे, आणि अंधार पडण्यापूर्वी मुक्काम गाठायचा यावर कोणी वाद घालत नसे. वेगाबद्दल म्हणाल तर पंधराच्या वेगाने पडणारा मुलगा आणि पस्तीसच्या वेगाने पडणारा मुलगा यांतला फरक आपले एमआय रूमवाले सर मला जास्त चांगला सांगतील.

तेव्हा माझी विनंती अशी. शाळेच्या स्टोअरमागच्या शेडमध्ये ज्या काळ्या सायकली उभ्या आहेत त्या भंगारात काढू नयेत. मी रविवारी जाऊन मोजल्या, अकरा आहेत. त्यांना गिअर नाहीत, पण तीनपेक्षा जास्त नकोत म्हणजे एकही चालेल. सातांना फक्त टायर-ट्यूब आणि तेल लागेल. ज्यांच्या घरी आजोबांची किंवा काकांची जुनी सायकल अडगळीत पडली असेल, त्यांनी पुढच्या वेळी येताना ती आणावी. एखादी तीन गिअरची निघाली तर उत्तमच, तिचा हब उघडून पाहायला भौतिकशास्त्राचे सर नक्की येतील. ज्यांच्याकडे भारी सायकली आहेत त्यांनी त्या शर्यतीसाठी ठेवाव्यात. त्यात त्यांचा काही दोष नाही आणि त्यांना कोणी नावे ठेवू नयेत. पहिली सहल वीस जणांची धरली तर नऊ सायकली कमी पडतात. त्या भाड्याने मिळतील, आणि ते भाडे सर्वांकडून सारखे घ्यावे.

आणि नावनोंदणीच्या वेळी कॅडेटला एवढेच विचारावे : सायकल चालवता येते का? सायकल आहे का, हा प्रश्न शाळेने विचारू नये. शेडमधल्या सायकलींची चाके खोलून छर्रे धुण्याचे आणि ग्रीस भरण्याचे काम मी आणि माझ्या हाऊसमधले चौघे रविवारच्या हॉबी टाइममध्ये करायला तयार आहोत. स्टोअरमधून दोन पाने, एक पंप आणि शेडची किल्ली मिळावी.